वर टाका, खालून काढा

जगातली कोणतीही वस्तू एका वेळी तीनपैकी एकाच ठिकाणी असू शकते: हाताशी, वर, किंवा हरवलेली. शास्त्रज्ञांनी या विषयात अजून म्हणावं तसं लक्ष घातलेलं नाही, पण ज्या घराला माळा आहे त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणांमधला फरक फार सूक्ष्म असतो आणि तो स्टुलावर चढल्याशिवाय कळत नाही. (स्टूल बहुधा वरच असतं.)

धाकटीच्या घरात माळा होता आणि बाबा होते, त्यामुळे घरात व्यवस्था होती. बाबा एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक होते. आलेल्या कागदावर ‘आवक’ असा शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर ‘जावक’ असा मारायचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं ही दुसऱ्या विभागाची डोकेदुखी. हीच शिस्त त्यांनी घरी आणली होती. एखादी वस्तू आठवडाभर कुणी हलवली नाही, की बाबा ती वर टाकत. जुना टेबलफॅन वर होता. आईची कॉलेजातली बॅडमिंटनची रॅकेट वर होती. दादाने एका उन्हाळ्यात बलदंड व्हायचं ठरवलं होतं, त्या काळातला डंबेल वर होता. (दुसरा डंबेल दार आपटू नये म्हणून खाली सेवेत होता.) कुणी काही शोधायला लागलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, “वर टाकलंय.” आणि शोधणारा गप्प व्हायचा, कारण वस्तू सुरक्षित आहे एवढं कळलं की ती हवी असण्याची निकड निम्मी होते. बाबांच्या बाजूने हे सांगायलाच हवं, की वर टाकलेली एकही वस्तू कधी नाहीशी झाली नाही. मिळाली नाही, हा भाग वेगळा.

तर अशा या सुव्यवस्थित घरातल्या चौघांच्या चारही फोनांनी एकाच महिन्यात ‘जागा संपली’ अशी तक्रार दाखल केली.

बाबांनी तत्काळ पाहणी केली. पाहणीत असं आढळून आलं, की घरात एकूण नऊ हजारांच्या पुढे फोटो असून त्यांची वर्गवारी पुढीलप्रमाणे आहे. आई औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याकडचे बहुतेक फोटो गोळ्यांच्या पट्ट्यांचे आणि उरलेले त्याच पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे. दादा कॉलेजात शिकतो. त्याच्याकडे फळ्याचे दोन हजार फोटो, जे काढल्यानंतर कोणत्याही मानवी डोळ्याने पाहिलेले नाहीत. बाबांकडे विजेच्या मीटरचे, गाडी ज्या खांबापाशी लावली त्या खांबांचे आणि स्वतःच्या अंगठ्याचे. (अंगठ्याचे फोटो काढण्याचा हेतू नव्हता, पण एकूण संग्रहात तेच सगळ्यात स्पष्ट आले होते.) धाकटीकडे धाकटीचे. एकाच खिडकीपाशी, एकाच कोनातून, सातशे. यातला एकही काढून टाकता येणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं, कारण प्रत्येकात केस वेगळे होते.

हा ठेवा पुढच्या पिढ्यांसाठी जपलाच पाहिजे, यावर चौघांचं एकमत झालं. पुढच्या पिढ्यांनी पित्ताच्या गोळ्यांची मागची बाजू नेमकी कधी बघायची, हा मुद्दा कुणी काढला नाही.

मग धाकटीची घराची तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. ती नववीत होती आणि टीव्हीचा रिमोट एकटीच दुरुस्त करायची, एवढी पात्रता पुरेशी मानली गेली. या पदाला वेतन नसतं. काही बिघडलं की सगळ्यात आधी हाक मारली जाण्याचा मान मात्र असतो.

“सगळे फोन आणि टीव्ही एका खात्याला जोडून टाकू,” धाकटी म्हणाली. “कुणीही फोटो काढला की तो सगळीकडे दिसेल. याला सिंक म्हणतात.”

“सिंक तुंबतं,” बाबा म्हणाले. “दुसरा शब्द सांग.”

धाकटीने जरा विचार केला. “म्हणजे बाबा, फोटो आपोआप वर जातात.”

बाबांनी चष्मा सारखा केला. “वर?”

“हो. वर.”

“आणि वर जागा आहे?”

“भरपूर.”

इथे घटकाभर थांबायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ या दोन अक्षरांनी केलेला आहे. खरं पाहता फोटो वर कुठेही जात नाहीत. ते कुठल्या तरी दूरच्या इमारतीतल्या, कुलूपबंद खोलीतल्या, घोंघावणाऱ्या कॉम्प्युटरवर जातात, आणि ती इमारत जमिनीवरच उभी असते. धाकटी ‘दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर’ असं म्हणाली असती, तर बाबांनी ‘कोण दुसरा? ओळखीतला आहे का? पोच देतो का?’ असं विचारून ते जागच्या जागी थांबवलं असतं. पण ती ‘वर’ म्हणाली, आणि परगावात अचानक शाळेतला मित्र भेटावा तसं समाधान बाबांच्या चेहऱ्यावर पसरलं. ‘वर’ म्हणजे काय, हे या घरात कुणी बाबांना शिकवायची गरज नव्हती.

एक घर, एक खातं, एक पासवर्ड असं धोरण ठरलं. पासवर्ड लिहून फ्रिजवर चिकटवण्यात आला. (तो गुप्त असल्यामुळे त्यावर ‘गुप्त’ असंही लिहिलं.)

पहिले काही दिवस फार गोडीगुलाबीत गेले. ज्याने फोटो काढला त्याच्याआधी तो बाकीच्यांना दिसू लागला. आई गिऱ्हाइकाला मधुमेहाच्या गोळीचा फोटो दाखवायला गेली आणि गिऱ्हाइकाला दादाच्या नाकावरचा फोड दिसला, तीन बाजूंनी. गिऱ्हाईक सज्जन होतं. “आधी याला काहीतरी द्या,” ते म्हणालं. बाबा साहेबांना कार्यालयाच्या गळक्या छताचा फोटो दाखवायला गेले आणि साहेबांना जीभ बाहेर काढलेली धाकटी दिसली; साहेबांनी छताचं काम त्याच दिवशी मंजूर केलं. दादा मित्राकडे अभ्यासाला गेला आहे, ही बातमी हॉलमधल्या टीव्हीवर पॉपकॉर्नसकट झळकली. घरातल्या माणसांना एकमेकांबद्दल इतकी माहिती पूर्वी कधीच नव्हती, आणि नंतर कुणी ती मागितलीही नाही.

याच सुवर्णकाळात धाकटीने दरी ओलांडली.

धाकटी म्हणजे ती, जिच्या किंकाळ्यांमुळे बागेतला गोल फिरणारा पाळणा मधेच थांबवावा लागला होता. बाकावर उभं राहायची शिक्षा झाली की ती ‘बाकाशेजारी चालेल का’ असं विचारायची. तर सुट्टीत चौघं डोंगरातल्या एका साहसी उद्यानात गेले. तिथे दोन कड्यांच्या मध्ये लोखंडी दोर ताणलेला होता. माणसाला हेल्मेट घालायचं, पट्ट्यांनी करकचून बांधायचं, दोराला अडकवायचं आणि सोडून द्यायचं, असा एकंदर कार्यक्रम होता. बाबा ‘मला भीती नाही, पण कशाला’ असं म्हणून बाकावर बसले. आईने सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. दादा आधी गेला आणि पलीकडच्या कड्यावर फोन रोखून उभा राहिला. आणि धाकटी, काय अंगात आलं कोण जाणे, पट्टे बांधणाऱ्याला म्हणाली, “सोडा.”

त्या क्षणाचा एकच फोटो निघाला. धाकटी दरीच्या बरोब्बर मधोमध, वर दोर, खाली काहीच नाही, आणि तोंड असं आ वासलेलं, की आतून दुसरीच कुणीतरी मुलगी बाहेर पडायला निघाली आहे. या सगळ्या हकिकतीत पणाला काय लागलं असं कुणी विचारलं, तर एवढंच. हा फोटो.

फोटो लागलीच वर गेला. बाबांना त्याचा इतका अभिमान वाटला (त्यात स्वतः बाकावर बसल्याची थोडी भरपाईही होती) की गाडीत बसायच्या आत त्यांनी तो आपल्या फोनमधल्या सर्वांना पाठवून दिला. सर्वांना म्हणजे सर्वांना: नातेवाईक, कचेरीतले लोक, जुने घरमालक, गॅसवाला, पडदे शिवणारा, दातांचे डॉक्टर, आणि ‘पांढरी गाडी आडवी लावणारा’ या नावाने जपून ठेवलेला एक नंबर. घर येईपर्यंत उत्तरांची रीघ लागली. शाब्बास. खूप छान. अभिमान वाटतो. धाकटी मागच्या सीटवर बसून एकेक उत्तर मोठ्याने वाचत होती, आणि प्रत्येक उत्तरागणिक बोटभर उंच होत होती.

सुट्टी संपता संपता बाबांनी स्वच्छता मोहीम हाती घेतली.

तिच्यामागचा विचार अतिशय शिस्तबद्ध होता. फोटो वर गेले आहेत. वर गेलेली वस्तू नाहीशी होत नाही. मग तीच वस्तू खालीही ठेवायची म्हणजे दुहेरी नोंद, आणि दुहेरी नोंद हा आवक-जावक विभागातला सगळ्यात जुना गुन्हा. यास्तव: वर टाका, खालून काढा. रविवारी दुपारी सगळे घोरत असताना बाबांनी चारही फोन टेबलावर ओळीने मांडले आणि बाह्या वर केल्या.

फोनने विरोध केला नाही असं नाही. ‘हे फोटो सगळीकडून काढायचे का?’ असं त्याने स्पष्ट विचारलं. बाबांनी प्रश्न दोनदा वाचला. सगळीकडून म्हणजे चार फोन आणि टीव्ही. ‘वर’ हे काही ‘सगळीकडे’मध्ये येत नाही, घरात खोल्या किती असं विचारल्यावर कुणी माळा मोजत नाही. बाबांनी ‘होय’ दाबलं. फोनने विचारलं, ‘नक्की?’ इतक्या वर्षांच्या नोकरीत बाबांचं मत असं दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं. ते सुखावले आणि पुन्हा ‘होय’ म्हणाले. मग त्यांना फोनमध्ये एक कचरापेटी दिसली. काढलेले फोटो काही दिवस तिच्यात पडून राहतात, चुकून काढले असतील तर परत घेता यावेत म्हणून. पण भरलेली कचरापेटी घरात ठेवून चहा पिणारा माणूस म्हणजे बाबा नव्हेत. त्यांनी ती ओतून टाकली. जाता जाता इतरांना पाठवलेले फोटोही आपल्या फोनमधून काढले, कारण पाठवलं म्हणजे जावक झालं. शेवटी चारही फोन पुसले. आधी आतून पुसले होतेच, आता फडक्याने.

नऊ हजार फोटो नाहीसे झाले हे चार माणसांच्या लक्षात यायला पंधरवडा लागला. तेही त्यातला एक हवा होता म्हणून.

शाळा उघडली, आणि बाईंनी सगळ्यांना सुट्टीतला एकेक पराक्रम सांगायला लावला. धाकटीने दरी सांगितली. पट्टे, कडा, वारा, सगळं हातवारे करून सांगितलं. वर्ग ऐकत होता. फक्त दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. तो फौजदारचा होता. फौजदार ही खरं तर धाकटीच्याच वयाची, दोन वेण्यांची मुलगी. पण पुराव्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवायची नाही. एकदा बदलीवर आलेल्या सरांकडे तिने ओळखपत्र मागितलं होतं, तेव्हापासून हे नाव पडलं.

“कुठली दरी?” फौजदार म्हणाली. “पलंग आणि भिंतीच्या मधली का?”

वर्ग हसला.

“फोटो आहे,” धाकटी म्हणाली.

“मग आण ना. छापून आण, शाळेत फोन चालत नाही. शनिवारपर्यंत. नाही आणलास तर इथे पुढे उभं राहून म्हणायचं, मी दरीबिरी ओलांडली नाही, मी थापा मारते.”

“आणि आणला तर?”

फौजदारने उदार मनाने विचार केला. “तर तुला ताई म्हणेन. वर्षभर.”

धाकटीने टाळी दिली. ती निर्धास्त होती. फोटो वर होता.

घरी येऊन तिने फोन उघडला. फोन इतका स्वच्छ होता की त्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि तेवढाच दिसत होता. खिडकीपाशीच्या सातशे धाकट्या गेल्या होत्या. दरीतली एक गेली होती.

“बाबा, फोटो कुठेत?”

“वर,” आतून आवाज आला.

“वर नाहीयेत.”

“नीट बघ. मागे सरकले असतील.”

धाकटी आत गेली. बाबांनी तिला मोहिमेची सविस्तर माहिती दिली, आणि सांगताना त्यांना तिच्या चेहऱ्याचा रंग बदलताना दिसला, म्हणून त्यांनी फडक्याने पुसल्याचाही उल्लेख केला.

“बाबा, तो माळा नाहीये,” धाकटी म्हणाली. “आरसा आहे. तुम्ही इकडे टोपी काढली की आरशातल्या माणसाचीही जाते. इकडून काढलं की तिकडूनही जातं. सगळीकडून जातं.”

“मग तू त्याला वर का म्हणालीस?”

तांत्रिक सल्लागाराने फोन बंद करून पुन्हा चालू करून पाहिला.

“आरशात काही ठेवता येत नाही,” बाबा थोड्या वेळाने म्हणाले.

“तेच सांगतेय मी.”

एव्हाना आई आणि दादा दारात आले होते. दादाचा फळा गेल्याचं कळल्यावर त्याला जन्मात प्रथमच अभ्यासाची ओढ लागली. “मी आजच बघणार होतो ते,” तो अशा आवाजात म्हणाला, की ऐकणाऱ्याला भरून यावं.

“अहो, निदान विचारायचं तरी होतंत कुणाला,” आई म्हणाली.

“उलट मलाच विचारलं. दोनदा विचारलं,” बाबा म्हणाले.

धाकटी मात्र रडली नाही. दरी ओलांडलेल्या माणसाने रडायचं नसतं. आणि तिला आठवलं: बाबांनी तो फोटो सर्वांना पाठवला होता. सर्वांना. मग अडचण कसली?

तिने आधी कौतुक करणाऱ्यांना गाठायचं ठरवलं. ज्यांना फोटो इतका आवडला, त्यांच्याकडे तो असणारच. हा तर्क बिनतोड होता आणि पूर्ण चुकीचा होता.

कारण असं, की कुणी पाठवलेला फोटो आल्याबरोबर फोटो नसतो. तो एक धूसर चौकोन असतो आणि मधोमध खाली जाणारा बाण. बाणाला बोट लावलं तर फोटो आपल्या फोनमध्ये उतरतो. नाही लावलं तर काही आठवड्यांनी तो मधल्या मध्ये नाहीसा होतो आणि मागे नुसता चौकोन उरतो. हे धाकटीला ठाऊक होतं. माणसं चौकोनाचंही कौतुक करतात, हे ठाऊक नव्हतं.

‘किती गोड, अगदी परी’ असं लिहिणाऱ्या मामीकडे चौकोन निघाला. ‘फोटो कुणी काढला? प्रकाश फार सुरेख पकडलाय’ असं विचारणाऱ्या थोरल्या काकांकडे चौकोन निघाला. ‘आमच्या विभागाची शान’ म्हणणाऱ्या साहेबांकडे चौकोन. पडदे शिवणाऱ्याने ‘नव्या पाहुण्याचं अभिनंदन, बाळ-बाळंतीण सुखरूप ना’ असं लिहिलं होतं, चौकोन. जुन्या घरमालकांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहिली होती. त्यांना फोन केला तेव्हा ते आधी गडबडले.

“अगं, तू आहेस होय?” ते म्हणाले. “बरं झालं बाई. फार वाईट वाटलं होतं.”

“आजोबा, फोटो बघितला होतात का?”

“बघवेना,” आजोबा म्हणाले.

अंतिम आकडेवारी अशी. कौतुक करणारे: बासष्ट. फोटो उघडलेले: एक. ती एक म्हणजे आत्या, आणि तिचंही बोट चुकून लागलं होतं. “दिसला तसा लगेच काढून टाकला गं,” आत्या म्हणाली. “फोनमध्ये जागा कुठेय?”

शुक्रवारची संध्याकाळ झाली. धाकटी हॉलमधल्या रिकाम्या टीव्हीसमोर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि उद्या म्हणायचं वाक्य मनात घोकत होती. मी दरी ओलांडली नाही. व्याकरणाने वाक्य अगदी बरोबर होतं.

“कुणीच बघितला नाही, बाबा.”

“मी बघितला होता,” बाबा म्हणाले. “चांगला आला होता.” मग त्यांनी डोळे मिटले. बाबांनी असे डोळे मिटले की एकतर त्यांना झोप लागलेली असते किंवा नियम आठवलेला असतो. “तू चुकीच्या लोकांना विचारतेयस,” ते म्हणाले. “उत्तर दिलं म्हणजे फाइल बंद झाली, कपाटात गेली. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना विचार. त्यांची फाइल अजून टेबलावर पडली असेल.”

धाकटीने उत्तर न देणाऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. गॅसवाल्याने नवा फोन घेतला होता. पांढरी गाडी आडवी लावणाऱ्याने नंबर ओळखून फोन कापला. मग दातांचे डॉक्टर.

“माझ्याकडे सगळ्या जगाचे फोटो आहेत,” डॉक्टर त्रासून म्हणाले. “कोण काय पाठवतं, सगळं आपोआप उतरतं, ते बंद कसं करतात मला माहीत नाही. फोन मेटाकुटीला आलाय. हा शेवटचा पेशंट झाला की सगळं पुसूनच टाकतो बघ.” आणि धाकटीने ‘नको’ म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

धाकटीने चप्पल घातली, उलटी, आणि बाबांनी स्कूटर काढली. वाटेत लाल दिवा लागला. रस्ता रिकामा होता.

“बाबा, चला ना.”

“लाल आहे.”

“कुणीही नाहीये.”

“दिवा आहे ना,” बाबा म्हणाले, आणि दोघं थांबले. तिकडे डॉक्टरांचा शेवटचा पेशंट चूळ भरत असेल, हे धाकटीला अगदी स्वच्छ दिसत होतं.

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास होता, भिंतीवर हसऱ्या दाताचं चित्र होतं आणि टेबलामागे नोंदणी करणाऱ्या बाई होत्या.

“अपॉइंटमेंट?”

“नाही, मला फोटो हवाय,” धाकटी धापा टाकत म्हणाली.

“एक्स-रे का?”

“नाही हो, दरी.”

“दरी असेल तर सर भरून देतात,” बाई म्हणाल्या. “पण पेशंट असाल तरच आत.”

धाकटी पेशंट झाली. खुर्चीत आडवी पडली तेव्हा तोंडावर मोठा दिवा आला, आणि दिव्याच्या मागे डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या हातात फोन, आणि फोनवर अंगठा.

“एक मिनिट हं बेटा,” डॉक्टर म्हणाले. “एवढं पुसतो, मग तुझ्याकडे बघतो.”

“काका, नका पुसू.”

“अगं, चिंता नको. माझी बायको म्हणाली, सगळं वर गेलेलं असतं, खालून बिनधास्त काढा.”

“तो माळा नाही,” धाकटी आणि बाबा एकदम म्हणाले.

डॉक्टरांचा अंगठा हवेत थांबला. मग त्यांनी मुकाट्याने मागे मागे सरकवायला सुरुवात केली. हजारो सुप्रभात गेले. कुणाकुणाची बारशी, निकाल, नव्या गाड्या, जिने, मांजरं गेली, यातलं काहीही त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. आणि मग दरी आली.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. डोळ्यांजवळ नेला. आजवर कुणीही त्या फोटोकडे इतका वेळ, इतकं मन लावून पाहिलं नव्हतं. खुर्चीत धाकटी श्वास रोखून वाट बघत होती.

“वरची उजवी दाढ,” डॉक्टर म्हणाले. “मागून दुसरी. किडलीय. आ कर.”

फोटो मिळाला, दाढ भरली. छपाईच्या दुकानात ‘मोठा काढा’ एवढं सांगताना धाकटीचा अर्धा ओठ बधिर होता, आणि उरलेला अर्धा हसत होता.

शनिवारी फौजदारने फोटो उजेडात धरला, तिरपा धरला, पालथा करून मागची बाजू तपासली. सगळा वर्ग तिच्या खांद्यांवरून वाकला होता.

“हे तोंड तुझंच, हे मान्य,” ती शेवटी म्हणाली. “पण यात तू हसतेयस की रडतेयस?”

“जातेय,” धाकटी म्हणाली. “पलीकडे.”

फौजदारने फोटो परत दिला. “बरं, ताई,” ती म्हणाली, कडू औषध गिळावं तशी, आणि वर्षभर गिळत राहिली.

बाबांनी या प्रकरणातून योग्य तो बोध घेतला. फोटो फोनमध्ये सुरक्षित नाही. वर सुरक्षित नाही. फोटो ठेवायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तो न बघणारा माणूस. जो बघतच नाही, तो पुसायलाही जात नाही. त्यांनी त्याच दुपारी तो फोटो पुन्हा सर्वांना पाठवला, आणि या वेळी हाताशी येतील तेवढी नवी माणसं जोडली. त्यांत तुम्हीही आहात. तुमचा नंबर कुठून मिळाला ते बाबांना विचारू नका. आवक झाली, एवढंच ते सांगतील.

तुमचं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं. धाकटीने ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: ‘अप्रतिम फोटो. डोळे अगदी आईवर गेलेत.’

फोटोत तिचे डोळे गच्च मिटलेले आहेत.